सशाची भूल



आपण परदेशातले मराठी लोक भेटलो की विषय ठरलेले असतात. व्हिसा, घराचं कर्ज, मुलांचं मराठी, आणि यंदा भारतात कधी जाणार. मी आज जरा वेगळ्याच विषयावर लिहिणार आहे: सशाला गॅसची भूल देताना तो गॅस त्याच्या फुप्फुसात नेमका पोचवायचा कसा. हसू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलांच्या हट्टामुळे ससा आलेला आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि आज ना उद्या तुम्हालाही व्हेटच्या टेबलापलीकडे बसून एका कागदावर सही करावी लागणार आहे. त्या सहीआधी मी काय वाचलं, कुणाला काय विचारलं, आणि त्यातून काय हाती लागलं ते सांगतो. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, व्हेट नाही. तेव्हा हा सल्ला नव्हे, एका पालकाचा अभ्यास समजा.

आमच्या सशाचं नाव कापशी. वजन सव्वादोन किलो, रंग पांढरा, स्वभाव सासुरवाशिणीचा नव्हे, सासूचा. वय दीड वर्ष. व्हेटने सांगितलं की मादी सशाचं गर्भाशय काढून टाकलेलं बरं, कारण वय वाढेल तसा तिथे कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो. म्हणजे धडधाकट जनावराला पुढच्या आजाराच्या भीतीने आज टेबलावर झोपवायचं. माझी नऊ वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "आणि ती उठलीच नाही तर?"

प्रश्न पोरीचा असला तरी पोरकट नव्हता. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात शंभराहून जास्त दवाखान्यांतून माहिती गोळा करून एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. भूल किंवा गुंगी दिल्यानंतर ४८ तासांत त्यामुळे किती प्राणी दगावतात याची त्यात मोजदाद आहे. कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, आणि सशांमध्ये १.३९ टक्के. म्हणजे कुत्रा सहाशेत एक, ससा बहात्तरात एक. आजारी ससे बाजूला काढून नुसते निरोगी ससे धरले तरी ०.७३ टक्के. आकडे वीस वर्षांपूर्वीच्या दवाखान्यांतले आहेत आणि त्यानंतर साधनं पुष्कळ सुधारली हे खरं. पण ससा आणि कुत्रा यांच्यातली ही तफावत आली कुठून, हे समजून घेतल्याशिवाय मला सही करवेना. बायको म्हणाली, "तू आता हे प्रॉडक्शन इश्यूसारखं घेणार." घेतलं.

आधी यंत्र समजून घेऊ. ते तसं सोपं आहे. सिलिंडरमधून ऑक्सिजन येतो, तो एका डब्यातल्या आयसोफ्लुरेन नावाच्या द्रवावरून जातो आणि त्याची वाफ बरोबर घेतो. डब्यावरच्या चकतीने ती वाफ किती टक्के हे ठरतं. माणसाला निपचित ठेवायला सव्वा टक्क्याच्या आसपास आयसोफ्लुरेन पुरतं, सशाला सुमारे दोन टक्के लागतं. सेव्होफ्लुरेन नावाचा दुसरा गॅस वापरला तर सशाला साडेतीन टक्क्यांच्याही वर. सुरुवातीची झोप बहुतेक ठिकाणी इंजेक्शनने आणतात, कारण जाग्या सशाला हा वास अजिबात सहन होत नाही. न्यूकॅसलचे प्राध्यापक पॉल फ्लेकनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे मोजून दाखवलं: नुसत्या गॅसने झोपवायला गेलं की ससा श्वासच रोखून धरतो, कधी अर्धा मिनिट, कधी दोन-तीन मिनिटं, आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून आधी इंजेक्शन, आणि मग ती झोप टिकवायला गॅस. आपला प्रश्न या दुसऱ्या टप्प्याचा. गॅस तोच, यंत्र तेच. शेवटच्या चार इंचांचा रस्ता मात्र तीन-चार प्रकारचा असू शकतो.

आणि ते चार इंच फार अवघड आहेत. ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी. त्याच्या घशातलं झाकण टाळूच्या वर जाऊन नाकाच्या वाटेशी जोडून बसलेलं असतं. तोंड लांबट आणि अरुंद, जबडा जेमतेम उघडतो, पुढे ते मोठे दात, आत जाडजूड जीभ. वर भर म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाला धक्का लागला की ती चटकन आवळून मिटते. कुत्र्याचं तोंड उघडलं की घसा समोर दिसतो. सशाचं तोंड उघडलं तर दिसते फक्त जीभ.

पहिला रस्ता मास्कचा. तोंडा-नाकावर पारदर्शक वाटी बसवायची आणि गॅस सोडायचा. घशात काही घालायचं नाही, त्यामुळे इजा नाही, वेगळं कसब नाही, वेळ लागत नाही. छोट्या कामाला हे चालून जातं. पण हिशेब बघा. कापशीएवढा ससा एका श्वासात दहा-पंधरा मिलिलिटर हवा घेतो, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. वाटीत तेवढीच जागा रिकामी राहिली तर सोडलेली हवाच परत आत घेतली जाते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. गॅसचा झोत वाढवून हे थोडं धुऊन काढता येतं, पुरतं नाही. मान जरा वाकडी झाली की वाट बंद. आणि मुख्य म्हणजे सशाने श्वास घेणं थांबवलं तर बाहेरून हवा भरण्याची खात्रीची सोय नाही. दाबून भरलेली हवा फुप्फुसाऐवजी पोटात जाऊ शकते. शिवाय गळती होते. हा गॅस खोलीतल्या माणसांच्याही नाकात जातो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आयसोफ्लुरेनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दहा लाख भागांत पन्नास भाग इतकी ठरवलेली आहे.

दुसरा रस्ता नळीचा, थेट श्वासनलिकेत. हा सगळ्यात पक्का. गॅस जातो तो फुप्फुसातच, घशातली घाण खाली उतरत नाही, श्वास थांबला तर पिशवी दाबून देता येतो. पण घसा दिसत नसताना नळी घालायची कशी? जुनी पद्धत अंदाजाने घालण्याची. सशाला पोटावर ठेवून मान वर ताणायची, म्हणजे तोंड आणि श्वासनलिका एका रेषेत येतात. मग नळी हळूहळू आत सरकवत तिच्या बाहेरच्या टोकाला कान लावायचा. श्वासाचा आवाज सर्वांत मोठा झाला की आपण दारात पोचलो, आणि पुढच्या श्वासाला दार उघडेल तेव्हा आत शिरायचं. नळीत वाफ धरली की जमलं. ऐकायला अंधश्रद्धा वाटेल, पण सरावलेले लोक हे अर्ध्या मिनिटात करतात. अट एकच, ससा स्वतः श्वास घेत असला पाहिजे, नाहीतर कानाला ऐकू काय येणार? दुसरी तऱ्हा म्हणजे बारीक दुर्बीण किंवा कान तपासायचं उपकरण घालून बघून नळी घालायची. बघून केलेलं कधीही बरं, पण साधन हवं आणि हात हवा.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्वाझ्येचा नियम घोकला होता, तो आयुष्यात कामाला येईल असं वाटलं नव्हतं. शांत वाहणाऱ्या हवेला नळीचा विरोध त्रिज्या कमी होईल तसा तिच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे तीन मिलिमीटरच्या जागी अडीचची नळी घातली तर विरोध दुप्पट, दोनची घातली तर पाचपट. सशाला या दोन-तीन मिलिमीटरच्याच नळ्या लागतात. त्यामुळे "बारीक घाला, सहज जाईल" हे गणितात बसत नाही. बारीक नळीतून झोपलेल्या सशाला जोर लावून श्वास ओढावा लागतो, आणि बारीक नळी थुंकीने तुंबतेही लवकर. उलट जाड नळी रेटली, दोन-तीनदा प्रयत्न केले, की आतली नाजूक त्वचा सोलवटते, सूज येते. ती सूज टेबलावर दिसत नाही, घरी गेल्यावर श्वासाला घरघर लागते तेव्हा कळते.

तिसरा रस्ता या दोन्हींच्या मधला. नळी श्वासनलिकेत न घालता तिच्या दारावर टोपीसारखी नेऊन बसवायची. मूळ कल्पना माणसांसाठीची: आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९८१ साली लंडनमध्ये लॅरिंजियल मास्क पहिल्यांदा वापरला. तान्ह्या बाळांसाठीचं त्याचं छोटं माप सशांवर वापरून पाहिलं गेलं. साध्या मास्कपेक्षा श्वास चांगला राहिला, पण पिशवी दाबून हवा दिली की काही सशांच्या पोटात गॅस भरला, काहींची जीभ दाबली जाऊन निळी पडली. माणसाच्या मापाचा बूट सशाला, दुसरं काय होणार? नंतर ब्रिटनमध्येच खास सशाच्या घशाच्या आकाराचं, मऊ कडांचं उपकरण तयार झालं, व्ही-जेल नावाचं, वजनाप्रमाणे वेगवेगळ्या मापांत. ते पटकन बसतं, श्वासनलिकेला शिवत नाही, आणि बारीक नळीचा चौथ्या घाताचा जाचही वाचतो. पण ते नुसतं टेकलेलं असतं, अडकलेलं नसतं. ससा कुशीवरून पाठीवर वळवला, मान हलली, की जागेवरून सरकू शकतं. आणि तोंडात असल्यामुळे दातांच्या शस्त्रक्रियेला अडचण.

दातांच्या कामाला चौथा रस्ता वापरतात, नाकातून बारीक नळी. ससा नाकानेच श्वास घेतो, तेव्हा वाट नैसर्गिक आणि तोंड मोकळं. पण नळी आणखी बारीक, आणि सशाच्या नाकात बऱ्याचदा मुक्काम ठोकून असलेले जंतू तिच्याबरोबर खाली जाण्याची भीती.

हे सगळं मी एका तक्त्यात मांडलं. रांगेत पद्धती, स्तंभात गुण-दोष. तक्ता सुंदर झाला. उत्तर मात्र निघेना. शेवटी मिरजेला फोन लावला. माझे सासरे तिथे पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहेत.

"बाबा, एक विचारायचं होतं. कापशीच्या ऑपरेशनबद्दल."

"कापशी? चपलेचं नाव ठेवलंत होय सशाला?" कोल्हापूरकडच्यांना कापशी म्हटलं की आधी चप्पलच आठवते. मग एकदम गंभीर होऊन, "वजन किती म्हणालात?"

"सव्वादोन किलो."

"म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. सर्किट कुठलं लावणारेत?"

मी वाचून दाखवलं. टी आकाराची नळी, टोकाला उघडी पिशवी. पलीकडून मोठ्ठं हसू ऐकू आलं. "अहो, हा तर जॅक्सन रीस! आयुष्यभर तान्ह्या पोरांना हेच लावलं मी." खरंच आहे ते. फिलिप एअर यांनी न्यूकॅसलला १९३७ साली लहान मुलांसाठी ही झडप नसलेली टी-नळी काढली, आणि लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये तिला पिशवी जोडली. श्वास इतका कमजोर की झडप ढकलायचाही जोर नाही, अशा जिवासाठी काढलेली ती युक्ती. मिरजेतलं बाळ आणि इंग्लंडातला ससा एकाच नळीवर.

मग मी माझा तक्ता वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, यातलं उत्तम कुठलं हे विचारू नका. त्या बाईंच्या हाताला कुठलं बसलंय ते विचारा. आणि ते निसटलं तर त्यांना किती वेळात कळेल, ते विचारा. नळी घालता येणं हे अर्धं काम. ती जागेवर आहे हे प्रत्येक श्वासाला कळत राहणं, हे दुसरं अर्धं. आमच्या वेळी डोळा पिशवीवर, हात छातीवर आणि कान स्टेथोस्कोपला. आता यंत्रं आहेत, पण बघणारा माणूस लागतोच."

हे ऐकल्यावर मला त्याच ब्रिटिश अभ्यासातली मांजरांची एक नोंद नव्याने कळली. मांजरांमध्ये ज्यांना नळी घातली होती त्यांच्यात मृत्यूचा धोका उलट जास्त दिसला होता, आणि ज्यांची नाडी व रक्तातला ऑक्सिजन सतत बघितला जात होता त्यांच्यात कमी. याचा अर्थ नळी वाईट असा नाही. मांजराचा घसाही नाजूक, सशासारखाच चटकन मिटणारा. साधन सुरक्षित आहे म्हणून जनावर सुरक्षित होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर कितीही भारी घ्या, मॉनिटरिंग नसेल तर तो पडल्याचं ग्राहकाच्या फोनवरूनच कळणार. इथे फोन करणारा ग्राहक नाही, हाच काय तो फरक.

दुसऱ्या भेटीला मी तक्ता घरी ठेवला आणि चार प्रश्न घेऊन गेलो. तुम्ही सशांसाठी सहसा कुठली पद्धत वापरता, आणि महिन्यातून किती वेळा? ती जमली नाही तर किती प्रयत्नांनंतर थांबता? कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लावता का, आणि त्याच्याकडे बघायला वेगळा माणूस असतो का? आणि ऑपरेशननंतर पहिले तीन-चार तास तिच्याजवळ कोण असतं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्या अभ्यासात दगावलेल्या सशांपैकी ६४ टक्के ऑपरेशन संपल्यावर दगावले होते. म्हणजे सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडल्यानंतर.

व्हेटबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. म्हणाल्या, आम्ही व्ही-जेल वापरतो, आठवड्यातून दोन-तीन ससे तरी असतात. बसलं नाही तर दोनदाच प्रयत्न, मध्ये ऑक्सिजन. तरी नाही जमलं तर मी दुर्बिणीने नळी घालते. तेही नाही जमलं तर सशाला उठवते आणि दुसरा दिवस ठरवते. कार्बन डायऑक्साइडचा आलेख सतत चालू असतो आणि एक नर्स फक्त भुलीसाठी असते. आणि हो, सकाळी तिला भरपूर खायला घालून आणा, उपाशी ठेवू नका. ससा ओकू शकत नाही, पण त्याचं आतडं थांबलं तर ते जास्त धोक्याचं. "सशाला उठवते" हे शब्द ऐकले आणि मी सही केली. कुठे थांबायचं हे आधीच ठरवून ठेवलेला माणूस मला बरा वाटतो.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी कापशीला आणायला गेलो तेव्हा बाईंनी आपणहून सांगितलं की तिला पाठीवर वळवताना व्ही-जेल सरकलं होतं. आलेखातली टेकडी एकदम सपाट झाली, नर्सने लगेच पाहिलं, एक-दोन श्वासांत ते पुन्हा जागेवर बसवलं. छातीची हालचाल मात्र तेवढा वेळही चालूच होती. म्हणजे नुसतं छातीकडे बघत राहिलं असतं तर सगळं ठीकच वाटलं असतं. ससा श्वास ओढत होता, हवा आत जात नव्हती.

त्या रात्री कापशीने साडेनऊला कोथिंबिरीची पहिली काडी तोंडात घेतली. मुलगी तिच्या पिंजऱ्यासमोर उशी टाकून झोपली होती, तिला उठवून दाखवलं. मिरजेला मध्यरात्र उलटून गेली होती, तरी फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. "खाल्लं का तिने?" एवढंच विचारलं त्यांनी. खाल्लं म्हटल्यावर, "मग झोपा आता," आणि फोन ठेवला.

तर मंडळी, ज्यांच्या घरी ससा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये असाल तर रॅबिट वेल्फेअर असोसिएशनची सशांची जाण असलेल्या व्हेट लोकांची यादी आहे, ती बघा. कुठल्याही देशात असाल तरी मास्क, नळी की व्ही-जेल, यावर व्हेटशी वाद घालू नका. ती त्यांची विद्या. तुम्ही विचारा की हे तुमच्या हाताला रोजचं आहे का, बिघडलं तर कसं कळतं, कळल्यावर काय करता, आणि संपल्यावर जवळ कोण बसतं. चांगल्या व्हेटला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि माणसांच्या हॉस्पिटलात, आईवडिलांच्या मोतीबिंदू-गुडघ्यांच्या वेळी, हेच चार प्रश्न विचारायला आपण का संकोचतो, याचा मी सध्या विचार करतो आहे. पुढच्या डिसेंबरात आईचा गुडघा आहे. प्रश्न तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक रेडिंगकर